मधाची बाटली, मंडईचं लिंबू

मधाच्या दारूविषयी बोलणार आहे म्हटल्यावर काही जण रेडिओ बंद करायला उठले असतील. जरा थांबा, शेवटी आपण सरबतापाशीच येणार आहोत.

आमच्या मोठ्या दिरांचा मुलगा लिथुआनियात, व्हिल्नियसला शिकतो. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा बॅगेतून चकलीचे रिकामे डबे आणि एक सोनेरी बाटली निघाली. "काकू, हे क्रुपनिकास. मधाचं असतं." बूच उघडलं आणि वास आला तो वेलदोडा, दालचिनी, लवंग, जायफळ यांचा! बर्फाळ देशातल्या बाटलीतून माझाच मसाल्याचा डबा बाहेर यावा, तसं वाटलं.

लिथुआनियन भाषेत मधाला 'मेदुस' म्हणतात. आपल्या 'मधु'चंच हे लांबचं नातेवाईक. मध आंबवून केलेल्या पेयाला ते 'मिदुस' म्हणतात, इंग्रजीतलं मीड. तसं मीड पुण्यातही २०१८ पासून बनतं. क्रुपनिकास मात्र वेगळं. त्यात मध मसाल्यांबरोबर उकळतात, वरचा फेस काढतात आणि मग मद्यार्कात मिसळून मुरवत ठेवतात. थंडीत ऊब यावी म्हणून प्यायचं हे पेय. पुतण्याला ते मे महिन्यात, पुण्यात, गच्चीवर बर्फ आणि सोडा घालून सगळ्यांना पाजायचं होतं.

सगळ्यांना म्हणजे दहा जणांना. आणि त्यांत माझे धाकटे दीर. भाऊजींनी दारू सोडून नऊ वर्षं झाली. हे मी त्यांना विचारूनच सांगते आहे. अशा बैठकीत त्यांच्या हातात कोल्ड्रिंकचा ग्लास येतो, मग ते कठड्यापाशी जाऊन उभे राहतात आणि तासाभरात "डोकं दुखतंय" म्हणून खाली जातात. शिवाय "अरे, एकच घे, काय होतंय?" म्हणणारा एखादा असतोच. ज्या पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' उभं आहे, तिथं तरी हे वाक्य बोलायची लाज वाटायला हवी. मी ठरवलं, या वेळी भाऊजींसाठीही तेच पेय करायचं, फक्त दारूविना.

मेट्रोनं मंडईला उतरले. लिंबं, पुदिना, आलं, दोन कोवळ्या काकड्या. उन्हाळ्यात लिंबवाला राजा असतो. त्याच्याशी घासाघीस करून उपयोग नाही, पण पातळ सालीची निवडून घेऊ देतो, तेवढं पुरे. पिशवी भरून वर मनोऱ्याकडे पाहिलं आणि हसू आलं. ही मंडई बांधण्यावर खर्च करायला महात्मा फुल्यांचा विरोध होता, आणि १९३८ पासून तिला नाव त्यांचंच आहे. १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. माझी खरेदी त्यांना पसंत पडली असती की नाही, कोण जाणे!

आता कृती. दोन वाट्या पाण्यात सहा वेलदोडे ठेचून, चार लवंगा, दोन इंच दालचिनी, आल्याचे चार काप आणि संत्र्याची थोडी वाळलेली साल घालून सात-आठ मिनिटं उकळा. झाकून ठेवा. पाणी बोटाला कोमट लागलं, की गाळून त्यात दोन वाट्या मध ढवळा. तिकडे मध उकळतात. आपल्याकडे आयुर्वेदानं तापवलेला मध निषिद्ध मानला आहे, आणि चवीच्या दृष्टीनंही मला तेच पटतं, कारण उकळल्यावर मधाचा फुलांचा वास उडून जातो. पण थेट गार पाण्यात मध घालाल तर तो तळाशी बसेल, म्हणून हा पाक आधी करून ठेवायचा. फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो. उंच ग्लासात तीन चमचे पाक, एका लिंबाचा रस, हातावर चुरडलेला पुदिना, काकडीच्या चकत्या, चिमूटभर मीठ, बर्फ आणि वरून सोडा.

मी महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध वापरला. गडद आणि किंचित तुरट असतो, लिंबाबरोबर छान लागतो. मध ओळखीच्या ठिकाणाहून घ्या. २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'नं तेरा ब्रँडचे मध तपासले, तेव्हा बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळली. पाण्यात थेंब टाकून पाहण्याच्या घरगुती परीक्षेत ती पकडली जात नाही. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नका. मधुमेह असेल, तर मध म्हणजे साखरच समजा.

ज्यांना क्रुपनिकास हवं होतं, त्यांच्या ग्लासात पाकाऐवजी तीस मिलिलिटर तेच घातलं. ते मुळात गोडच असतं. कायद्यानं त्यासाठी पंचवीस वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही हवा, हे पुतण्याला आठवण करून दिलं. दहा ग्लास ट्रेमध्ये मांडले. जिना चढून गच्चीवर आले, भाऊजींपुढे ट्रे धरला, आणि माझा हात थबकला. त्यांचा ग्लास कुठला? रंग एक, पुदिना तोच. वास घेऊन पाहावं, तर सगळ्यांतून वेलदोडाच येतोय! नक्कल इतकी हुबेहूब साधली होती, की मलाच ओळखू येईना. नऊ वर्षं, आणि माझ्या हातात तो ट्रे.

तशीच खाली गेले आणि दहाही ग्लास मोरीत ओतले. "काकू, निम्मी बाटली गेली!" पुतण्या कळवळला. जाऊ दे म्हटलं.

मग सगळ्यांसाठी एकच सरबत केलं, पितळी पिंपात. बाटली खाली स्वयंपाकघरात ठेवली. ज्याला हवी त्यानं खाली जाऊन आपल्या ग्लासात घालून घ्यावी. किती जण गेले म्हणता? तिघं. दुसऱ्यांदा कुणीच गेलं नाही, जिना चढायचा कंटाळा.

नंतर मी भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, "हा वास तुम्हाला त्रास देतो का?" खरं तर हे मी आधी विचारायला हवं होतं. नुकतीच सोडलेल्या माणसाला दारूसारखं दिसणारं पेयसुद्धा नको वाटू शकतं. ते म्हणाले, "वेलदोडा चालतो वहिनी. बाटली समोर नको, एवढंच." त्या रात्री ते साडेदहापर्यंत गच्चीवर होते. उतरताना पिंपाची तोटी सोडून शेवटचा अर्धा पेला घेतला आणि म्हणाले, "आलं थोडं कमी पडलंय."

म्हणून तुम्हाला सांगताना, आल्याचे चार नव्हे, सहा काप घ्या.