पुराव्याची जपणूक आणि मांडणी



वणी हें आज यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. परंतु वऱ्हाडचीं जुनीं सरकारी प्रतिवृत्तें उघडून पाहिलीं, तर त्यांत वणीच्या नांवाचा सबंध जिल्हाच आढळतो. इंग्रजी कागदांत त्याचा उच्चार 'वून' असा झालेला आहे. १९०५ सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्हा मोडण्यांत आला, त्यांतील पुसद तालुका इकडे जोडला गेला, आणि तेव्हांपासून या जिल्ह्याचें नांव यवतमाळ असें पडलें.

आतां एखाद्या विद्यार्थ्यानें १९०१ च्या खानेसुमारींतून वून जिल्ह्याची लोकसंख्या घेतली, १९११ च्या खानेसुमारींतून यवतमाळ जिल्ह्याची घेतली, आणि एकींतून दुसरी वजा केली, तर काय होईल? दहा वर्षांत जिल्ह्याची वस्ती एकाएकी फुगली असें उत्तर येईल. आंकडे दोन्ही सरकारी, वजाबाकी बिनचूक, आणि तरीही निष्कर्ष चुकीचा. कारण वाढलेल्या माणसांपैकीं पुष्कळशीं पुसदकडील आपापल्या घरांत आधींपासूनच नांदत होतीं. दुसरा कोणी 'वून' म्हणजे आजचा वणी तालुका असें समजला, तर त्याच्या हिशेबीं हाच मुलूख ओस पडल्यासारखा दिसेल! आंकड्यापुढें स्थळ, काळ आणि सीमा यांची नोंद नसली म्हणजे खरा आंकडाही खोटी साक्ष देतो.

कापसाच्या हिशेबांतही हीच गोष्ट घडते. वणीच्या बाजारांत शेतकरी विकतो तो कापूस सरकीसकट असतो. जिनिंगमध्यें सरकी वेगळी झाली म्हणजे उरते ती रुई, आणि ती कापसाच्या वजनाच्या सुमारें एक तृतीयांशच भरते. मुंबईच्या व्यापाऱ्यांची रुईची खंडी ७८४ रतलांची, म्हणजे सुमारें ३५६ किलोंची. शेतकऱ्याचा भाव मात्र क्विंटलावर ठरतो. एखाद्या जुन्या चोपडींत नुसतें 'उत्पन्न ४०' एवढेंच लिहिलेलें असेल, तर तें कापसाचें कीं रुईचें, एका एकराचें कीं सबंध शेताचें, कोणत्या मापाचें, हें लिहिणाराच सांगूं शकेल. त्याच्या मागें तो आंकडा मुका होतो.

पावसाच्या नोंदींत याहूनही सूक्ष्म एक चूक संभवते. ज्या दिवशीं पाऊस पडला नाहीं त्या दिवशीं शून्य लिहावयाचें असतें; ज्या दिवशीं मोजणाराच आजारी होता त्या दिवशींची जागा कोरी ठेवून तसा शेरा द्यावयाचा असतो. कोऱ्या जागेंत पुढें कोणी शून्य भरलें, तर न मोजलेला पाऊस न पडलेला ठरतो. 'नाहीं' आणि 'ठाऊक नाहीं' यांत जें अंतर आहे तें जपणें ही संशोधनाची पहिली पायरी होय.

संशोधनाचा पुरावा गोळा कसा करावा, सांभाळावा कसा आणि लोकांपुढें मांडावा कसा, याचा एक मोठा वस्तुपाठ महाराष्ट्रांतच घडलेला आहे. त्यांत आंकडे थोडे आणि अक्षरें फार आहेत. परंतु नियम तेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति हा तो वस्तुपाठ होय.

महाभारत कोणाच्या घरीं ठाऊक नाहीं? परंतु काश्मीरच्या पोथींतलें महाभारत आणि मलबारच्या पोथींतलें महाभारत हीं अक्षरशः एक नाहींत. शेंकडों वर्षें हातानें नकला होत गेल्या. कोठें शब्द बदलले, कोठें श्लोक गळले, कोठें नव्या कथा शिरल्या. तेव्हां उपलब्ध पोथ्यांच्या आधारें जास्तींत जास्त जुना असा पाठ कोणता ठरतो, हें शोधण्याचें काम या संस्थेनें हातीं घेतलें. १९१८ सालीं औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यासाठीं एक लक्ष रुपयांच्या मदतीचें वचन दिलें, आणि १ एप्रिल १९१९ रोजीं सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्तें पहिल्या तक्त्यावर पहिलीं अक्षरें लिहिलीं गेलीं. १९२५ पासून या कार्याचीं सूत्रें डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे आलीं. केंब्रिज येथें गणिताचें शिक्षण घेऊन पुढें बर्लिन येथें संस्कृताचा अभ्यास केलेला हा विद्वान्. त्यांच्या शिस्तींत गणित्याची काटेकोर दृष्टि पदोपदीं दिसते.

त्यांचा तक्ता कसा होता तें ऐकण्यासारखें आहे. आडव्या-उभ्या रेघांनीं आंखलेल्या मोठ्या कागदावर सर्वांत वरच्या ओळींत प्रचलित पाठाचा श्लोक एकेका घरांत एकेक अक्षर याप्रमाणें लिहीत. त्याच्या खालीं प्रत्येक पोथीला स्वतंत्र ओळ. पोथींतलें अक्षर वरच्याहून निराळें असेल, तर तें त्याच अक्षराच्या बरोबर खालीं त्या पोथीच्या ओळींत उतरावयाचें. उजव्या हाताला शेऱ्यांसाठीं रुंद जागा. तळाशीं एखाद्या पोथींत अधिक श्लोक सांपडल्यास ते लिहिण्यासाठीं मोकळी जागा. प्रत्येक भागासाठीं निदान दहा पोथ्या तरी पडताळल्याच पाहिजेत असा नियम होता. पोथींत श्लोक मुळांतच नाहीं, कीं तें पान फाटलें अथवा हरवलें आहे, हा भेदही नोंदला जाई. पावसाच्या नोंदींतलें शून्य आणि कोरी जागा यांसारखाच तो भेद होय. हें काम पुण्याप्रमाणेंच शांतिनिकेतन आणि तंजावर येथेंही चाले. परंतु तक्ता एका वळणाचा असल्यामुळें तीन ठिकाणच्या नोंदी एकत्र आणतांना अडचण पडत नसे.

तक्ता भरला म्हणजे निर्णय झाला, असें मात्र नाहीं. आदिपर्वाच्या सुमारें २३५ पोथ्या ठाऊक होत्या. त्यांपैकीं १०७ देवनागरी लिपींत होत्या, तर काश्मीरच्या शारदा लिपींतील अवघ्या ३. बहुमतानें पाठ ठरवावयाचा असता तर देवनागरीचा जय ठरलेलाच होता. परंतु देवनागरी सर्वत्र वाचली जात असल्यामुळें तिच्यांत नाना प्रांतींचे पाठ मिसळले होते. शारदा लिपि काश्मीराबाहेर फारशी कोणाला येत नसल्यामुळें त्या पोथ्या भेसळीपासून बऱ्याच अंशीं वांचल्या. म्हणून काश्मीरची पोथी आणि मलबारची पोथी, ज्यांचा एकमेकींशीं संबंध येण्याचा संभव थोडा, त्या दोघी जेथें एकच बोल बोलतात, तेथें तो जुना मानावा असें सुखटणकरांनीं ठरविलें. पोथ्यांच्या संख्येपेक्षां त्यांच्या साक्षीचें वजन त्यांनीं मोठें मानलें. २३५ पैकीं सुमारें ७० पोथ्या तपासून ६० त्यांनीं प्रत्यक्ष उपयोगांत आणल्या.

आतां मांडणीचा विचार. छापलेल्या पानाच्या वरच्या भागांत संपादकानें ठरविलेला पाठ येतो. त्याच पानाच्या खालच्या भागांत, कोणत्या पोथींत काय निराळें आहे तें संक्षिप्त खुणांनीं दिलेलें असतें. जेथें संपादकाला स्वतःच्याच निर्णयाची पुरती खात्री वाटत नाहीं, तेथें त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढलेली असते. जे श्लोक मूळ पाठांत घेतले नाहींत ते फेंकून दिलेले नाहींत. लहान असतील तर तारांकित करून तळटीपेंत आणि लांब असतील तर परिशिष्टांत छापलेले आहेत. म्हणजे वाचकाच्या हातीं निकाल येतो, निकालामागची साक्ष येते, विरुद्ध पक्षाची साक्षही येते, आणि न्यायाधीश कोठें साशंक होता तेंही त्याला कळतें.

या प्रामाणिकपणाची कसोटी लहानसहान नव्हती. व्यासांनीं सांगावें आणि श्रीगणेशानें लिहावें ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत आवडीनें सांगितली जाते. परंतु महत्त्वाच्या पोथ्यांत तिचा आधार मिळेना, म्हणून ती मूळ पाठांत आली नाहीं. ज्या पुण्यांत गणेशोत्सवाचा एवढा थाट, त्याच पुण्यांत हा निर्णय घेणें सोपें होतें काय? आणि तरीही ती कथा नाहींशी केली गेली नाहीं. ती परिशिष्टांत शब्दशः छापलेली आहे, कोणत्या पोथ्यांत ती सांपडते तें तेथेंच नोंदलेलें आहे. श्रद्धाळू वाचकाला ती वाचतां येते, आणि ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्याला त्याच पुस्तकांतील पुराव्यावरून वाद घालतां येतो. आपल्या मताचें खंडन करण्याचीं साधनें स्वतःच प्रतिपक्षाच्या हातीं देणें, याहून सचोटीची मांडणी ती कोणती?

पुढें या पद्धतीची परीक्षाही झाली. आदिपर्व १९३३ सालीं छापून पूर्ण झाल्यानंतर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी सुखटणकरांना पाहावयास मिळाली. छापलेल्या ग्रंथावर नव्या साक्षीचा उजेड पडणें म्हणजे संपादकाची मोठीच कसोटी. पोथी पडताळून पाहतां, सुखटणकरांनीं वगळलेले पुष्कळ भाग तींतही नाहींत, आणि त्यांनीं निवडलेल्या अनेक पाठांना तिचा दुजोरा मिळतो, असें दिसून आलें. हा परिणाम त्यांनीं संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. जुने तक्ते नीट नसते, तर ही तुलना करणेंही शक्य झालें नसतें.

तथापि उत्तम नोंदींचा सर्वांत मोठा लाभ पुढेंच दिसून आला. जानेवारी १९४३ मध्यें मुंबई विद्यापीठांत महाभारताच्या अर्थावर सुखटणकरांचीं चार व्याख्यानें ठरलीं होतीं. तीन झालीं, चौथें देण्यापूर्वीच, २१ जानेवारीस, त्यांचें देहावसान झालें. अठरा वर्षें ज्यानें या कामाचा भार वाहिला तो पुरुष गेला, आणि पर्वांमागून पर्वें अजून उरलेलींच होतीं. एखाद्या कामाची सारी माहिती एकाच माणसाच्या डोक्यांत असती, तर तें तेथेंच थांबलें असतें. परंतु येथें प्रत्येक तक्ता दुसऱ्याला वाचतां येईल असाच लिहिलेला होता. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीर यांनीं संपादिलें होतें, उद्योगपर्व ढाक्याच्या डॉ. सुशीलकुमार दे यांनीं. सभापर्व तर अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँकलिन एजर्टन यांनीं सिद्ध केलें, आणि तें १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. सुखटणकरांच्या मागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं मुख्य संपादकत्व सांभाळलें. एकंदर १,२५९ पोथ्यांच्या आधारें १९ खंड पूर्ण झाले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें समाप्तीचा समारंभ झाला. सत्तेचाळीस वर्षांत माणसें बदललीं, कामाचा धागा तुटला नाहीं. पुढें जपानांतील क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनीं हाच पाठ संगणकावर उतरविला, आणि केंब्रिजचे डॉ. जॉन स्मिथ यांनीं तो तपासून शुद्ध केला. पुण्याच्या कागदावर जें काटेकोरपणें लिहिलें गेलें, तें नव्या यंत्रांतही निभावलें.

आज संगणकामुळें माहिती सांठविणें सोपें झालें आहे, आणि त्यामुळेंच ती बिघडविणेंही सोपें झालें आहे. एका क्षणांत हजार आंकडे जुळवितां येतात, आणि एका क्षणांत मूळ नोंदीवर नवी नोंद चढून मूळ पुसलें जातें. म्हणून विद्यार्थ्यानें, मग तो कापसाच्या भावांचा अभ्यास करीत असो कीं लोककथांचा, थोडेसे नियम कधींही सोडूं नयेत. मूळ नोंद जशीच्या तशी बाजूस ठेवावी. काम करावयाचें तें तिच्या प्रतीवर. प्रत्येक रकान्याचा अर्थ, माप, स्थळ आणि दिनांक एका स्वतंत्र पानावर लिहून ठेवावा. एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें ताडून पाहावें. प्रती एकाच घरांत न ठेवतां निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, कारण आग, पाणी आणि वाळवी यांना संशोधनाची पर्वा नसते.

लोकांपुढें मांडतांनाही असाच संयम असावा. शेंकडा प्रमाण सांगावयाचें तर तें कितींपैकीं तेंही सांगावें; चार शेतांपैकीं तीन पिकलीं आणि चार हजारांपैकीं तीन हजार पिकलीं, या दोहोंचें प्रमाण एक असलें तरी वजन एक नव्हे. आलेख काढावयाचा तर त्याची उभी रेघ कोठून सुरू होते तें स्पष्ट दिसावें. शून्य वगळून मधूनच आरंभ केला तर टेकडीचाही पर्वत दिसतो. जेथें शंका आहे तेथें नागमोडी रेघ ओढावी, आणि आपल्या मताविरुद्ध जाणारी नोंद तळटीपेंत तरी अवश्य द्यावी.

वणीसारख्या गांवांतून किती तरी घरीं जुन्या पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या, कापसाच्या पट्ट्या आणि पत्रव्यवहार माळ्यावर पडून असतील. यांतील एकेक चोपडी उद्यां एखाद्या संशोधकाची मुख्य साक्षीदार ठरूं शकेल. ती खालीं काढावी, झटकावी, आणि पहिल्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहाव्या: ही कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या गांवची, हींतील मापें कोणतीं. घरांतील वडील माणसें सांगावयास आहेत तोंवर हें काम एका संध्याकाळचें आहे. पुढें तेंच काम कदाचित् कोणालाही करतां येणार नाहीं.