लाँचर उघडत नाही तेव्हा



मे महिना आहे. शाळांना सुट्टी लागली आहे आणि बऱ्याच घरांत एकच प्रसंग घडतो आहे. मूल गेमच्या लाँचरवर दोनदा क्लिक करतं, माउसच्या बाणाशी निळं वर्तुळ क्षणभर फिरतं आणि थांबतं. खिडकी उघडत नाही, चूक दाखवणारा संदेशही येत नाही. अर्ध्या तासात घरातला किंवा शेजारचा कुणी जाणकार सांगतो, "फॉरमॅट मार." मला आज या सल्ल्याविरुद्ध बोलायचं आहे. संगणक गप्प बसला म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं नसतं. त्याला विचारायच्या आधीच आपण सगळं पुसून टाकतो.

आधी लाँचर म्हणजे काय ते पाहू. पूर्वी गेमची सीडी आणायची, बसवायची आणि खेळायचं. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' आणलं. पुढच्या वर्षी 'हाफ-लाइफ २' आला. त्याच्या खोक्यात डिस्क होती, तरी स्टीमवर नोंदणी केल्याशिवाय तो उघडत नसे. खेळ आणि खेळणारा यांच्यामध्ये एक तिसरा प्रोग्रॅम कायमचा येऊन बसला. आज एपिक, युबिसॉफ्ट, रॉकस्टार, माइनक्राफ्ट, ज्याचा त्याचा लाँचर आहे. खरेदी, अपडेट, मित्रमंडळी, सगळं त्याच्यातून. तो अडला की पैसे मोजून घेतलेला, हार्ड डिस्कवर पूर्ण उतरलेला गेमही अडतो.

स्टीमसारख्या लाँचरच्या पोटात एक ब्राउझर असतो, आणि तिथेच बरीच मेख आहे. दुकानाचं पान, लॉगिनची चौकट, ही सगळी वेबपानंच असतात, आणि स्टीम ती क्रोमच्याच घडणीच्या ब्राउझरमधून दाखवतं. म्हणून गेमला लागणारी सगळी ताकद संगणकात असूनही लाँचर उघडत नाही. तो ब्राउझरच्या आजारांनी आजारी पडतो. साठवलेली तात्पुरती पानं बिघडतात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असतो, इंटरनेटवरचं प्रमाणपत्र पटत नाही.

सगळ्यात जास्त आढळणारं कारण साधं आहे. लाँचर सुरू झालेला असतो, फक्त दिसत नसतो. आदल्या वेळी तो नीट बंद झाला नाही आणि पडद्याआड अर्धवट चालू राहिला. तुम्ही पुन्हा क्लिक केलं की नवा प्रोग्रॅम पाहतो, आपला एक भाऊ आधीच चालू आहे, आणि स्वतः मुकाट बाहेर पडतो. म्हणून क्लिकवर क्लिक करून काही होत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात लाँचरच्या नावाच्या सगळ्या ओळी संपवा आणि मग एकदाच क्लिक करा. तरी जमलं नाही तर संगणक रिस्टार्ट करा. शट डाउन नको. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उठतात. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. "बंद करून चालू केला, काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा शट डाउन केलेलं असतं.

एवढ्याने सुटलं नाही तर संगणकालाच विचारायचं. स्टार्टच्या शोधचौकटीत 'रिलायबिलिटी' टाइप करा. दिवसागणिक आलेख दिसतो आणि ज्या दिवशी एखादा प्रोग्रॅम कोसळला, तिथे लाल फुली असते. त्या फुलीवर जा, तपशील उघडा. प्रोग्रॅमचं नाव, वेळ आणि 'फॉल्ट मॉड्यूल', म्हणजे कोसळताना नेमकी कोणती फाइल चालू होती, ते तिथे लिहिलेलं असतं. हीच नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अधिक विस्ताराने मिळते. नाव ग्राफिक्स कार्डाच्या फाइलचं असेल तर ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. 'व्हीसीरनटाइम१४०' सापडत नाही असा संदेश असेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं मोफत पॅकेज बसवा. '०एक्ससी०००००७बी' हा आकडा आला तर बहुधा बत्तीस आणि चौसष्ट बिटांच्या फाइलींची सरमिसळ झालेली असते. एक विनंती मात्र मनापासून करतो. हरवलेली एकटी डीएलएल फाइल फुकट देणाऱ्या अनोळखी साइटवरून कधीही उतरवू नका. तुम्ही मूठभर दुरुस्तीसाठी अख्ख्या संगणकाचा ताबा देऊन बसता.

आणि घड्याळ पाहा. हे फार थोडे जण पाहतात. परीक्षा संपेपर्यंत पालकांनी भिंतीवरचं बटण बंद करून ठेवलेला डेस्कटॉप घ्या. आतलं घड्याळ तेवढे महिने मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या गोल सेलवर चालतं. सेल म्हातारा असेल तर तो या काळात संपतो आणि संगणक उठतो तो कित्येक वर्षं मागची तारीख घेऊन. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतं. संगणकाच्या हिशोबात ती पहिली तारीख अजून उजाडलेलीच नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो आणि लाँचर अडतो. खालच्या कोपऱ्यातली तारीख आणि साल वाचा. चुकलेलं असेल तर दुरुस्त करा आणि सेल बदला. नव्या सेलला फार पैसे पडत नाहीत.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी तपासणी. वीज गेली की आपण फ्यूज काढण्याआधी खिडकीतून शेजारच्या घरात दिवे आहेत का ते पाहतो. संगणकात तसं पाहायचं असेल तर विंडोजमध्ये दुसरं खातं उघडा आणि लाँचर तिथून चालवा. चालला, तर विंडोज, ड्रायव्हर, इंटरनेट, कशावरही संशय घ्यायचं कारण उरत नाही. दोष पहिल्या खात्याच्या फोल्डरमध्ये आहे.

आणि तो दोष कधीकधी आपल्या लिपीशी येऊन थांबतो. मुलीने पहिल्यांदा संगणक सुरू करताना हौसेने स्वतःचं नाव देवनागरीत लिहिलं, की त्या नावाचं फोल्डर तयार होतं. पुढे एखादा लाँचर त्या फोल्डरचा पत्ता वाचायला जातो, अक्षरं त्याला समजत नाहीत आणि तो काही न बोलता बंद पडतो. सेटिंगमध्ये नाव बदलून उपयोग नाही, कारण दाखवायचं नाव बदलतं, फोल्डरचं जुनंच राहतं. रोमन अक्षरांतलं नवं खातं काढणं हाच सरळ उपाय. तो सांगताना मला वाईट वाटतं. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. विंडोज एनटीला १९९३ पासून ही अक्षरं कळतात. म्हणजे यंत्राची सोय कधीची झालेली आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रोमनपलीकडच्या नावाने एकदाही तपासून पाहिलेलं नसतं. मुलीने आपलं नाव आपल्या लिपीत लिहिलं यात तिची काडीची चूक नाही. लाँचर बनवणाऱ्याकडे अशी तक्रार जरूर नोंदवा, फोल्डरचा पत्ता जसाच्या तसा लिहून.

पुसण्याबद्दल बोलतो. पुसावं लागतं, पण नेमकं. एपिकच्या लाँचरचं 'वेबकॅश' फोल्डर काढलं तरी ते पुन्हा तयार होतं. स्टीमच्या फोल्डरमधून 'स्टीमॲप्स', 'यूजरडेटा' आणि मूळ स्टीमची फाइल एवढं ठेवून बाकीचं काढलं, तर ते स्वतःला नव्याने उतरवून घेतं. उतरवलेले गेम स्टीमॲप्समध्येच असतात. फॉरमॅट मात्र काहीच ओळखत नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती मुलांनी उभारलेली जगं आपल्याच संगणकावर, ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या 'डॉट माइनक्राफ्ट'मधल्या 'सेव्हज' फोल्डरात ठेवते. ती आपोआप कुठल्या क्लाउडवर जात नाहीत. दोन सुट्ट्या खपून एखाद्या मुलाने वीट वीट रचून गाव वसवलेलं असतं आणि मोठी माणसं "गेमच तर आहे" म्हणून ते दहा मिनिटांत नाहीसं करतात. मुलाने केलेलं काम म्हणून त्याची कदर करा. कुठलीही दुरुस्ती करण्याआधी ते फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा.

अँटिव्हायरसबद्दल थोडक्यात. त्याने लाँचरची फाइल अडवली असेल तर ती 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसते. लाँचर कंपनीच्या साइटवरूनच घेतलेला असेल तर तेवढ्या फाइलला परवानगी द्या, पहारा बंद करू नका. आणि शोधयंत्रात मदतीचा नंबर सापडला म्हणून फोन लावू नका. व्हॉल्व्ह फोनवरून मदत देत नाही. 'स्टीम सपोर्ट' म्हणून कुणी तुमचा पडदा मागत असेल तर तो चोर आहे.

शेवटी, जिथे हे सगळे उपाय थकतात ती जागा. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७, ८ आणि ८.१ चा आधार काढून घेतला. कारण तोच पोटातला ब्राउझर. त्याची नवी आवृत्ती त्या विंडोजवर चालत नाही. असा संगणक कितीही झाडला-पुसला तरी कधी ना कधी तिथे स्टीम अडणारच, आणि त्यासाठी दुरुस्तीचे पैसे मोजू नका. चौसष्ट बिटांचा असेल तर लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, हार्ड डिस्कला हात न लावता. व्हॉल्व्हच्या २०१८ च्या 'प्रोटॉन'मुळे विंडोजसाठीचे कितीतरी गेम तिथे चालतात. फार जुन्या ग्राफिक्सवर ते अडतील, तेवढं लक्षात ठेवा. यापुढे गेम घेताना पोलंडचं 'जीओजी' हे ऑनलाइन दुकान पाहा. तिथे गेमची फाइल स्वतःजवळ ठेवता येते आणि ती लाँचरशिवाय बसते. माझ्या मते ज्या गेमवर मुलाचा जीव आहे, तो मिळत असेल तर तिथूनच घ्यावा.

काही जणांनी लॅपटॉप बरोबर आणलेत, असं आयोजक म्हणाले. ते घेऊन पुढे या. रिलायबिलिटीचं पान उघडा, लाल फुल्या काय म्हणतात ते एकेक करून वाचू.