गिरगावच्या वाड्या आणि आपण
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या पाठारे प्रभु ज्ञातीच्या या मेळाव्यास आज कोणी बोरिवलीहून, कोणी ठाण्याहून, तर कोणी वसईहून आले आहेत. तरीही दोन अनोळखी ज्ञातिबांधव भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मूळचे कोणत्या वाडीचे?’ या प्रश्नाचे उत्तर आणखी किती वर्षे देता येईल, याविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

गिरगाव म्हणजे गिरीच्या पायथ्याचे गाव, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती बाजूस ठेवली तरी गल्ल्यांची नावे पुरेशी बोलकी आहेत. आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावे कोण्या कारकुनाने कचेरीत बसून दिलेली नव्हेत. वाडी आणि भाट हे दोन्ही शब्द बागायतीचे आहेत. शहर वाढले, झाडे तुटली, तेथे चाळी उठल्या. पण नावांनी बागा जपून ठेवल्या.

या नावांतील एक नाव आपल्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. दादोबा वामन खोत हे आपल्याच ज्ञातीचे गृहस्थ. त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि त्या कुटुंबांनी तेथे लाकडी नक्षीची, पुढे ओसरी आणि बाहेरून जिना असलेली टुमदार घरे बांधली. हीच खोताची वाडी. एके काळी तेथे 65 घरे होती असे सांगतात. आज निम्मीही उरलेली नाहीत. जी उरली आहेत, ती तेथील रहिवाशांनी पदरमोड करून आणि सरकारदरबारी खेटे घालून राखली आहेत. तात्पर्य, आपल्या एका पूर्वजाचे नाव आज ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या चिकाटीमुळे जिवंत आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे मोकळेपणाने बोललेच पाहिजे. गिरगाव आमचे, असे म्हणणारे आपण एकटे नाही. आणि ते तसे कधी नव्हतेही.

केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. 1901 साली लोकमान्यांनी त्यास भेट दिली. तेथील मूर्ती आजही लहानशीच असते. आजूबाजूस मूर्तींच्या उंचीची चढाओढ चालू असताना त्या मंडळींनी हा संयम पाळला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. याच गिरगावात, कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, 3 मे 1913 रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. आणि मॅजेस्टिकमध्ये 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’च्या रूपाने बोलपट. ही दोन्ही सिनेमागृहे आज उभी नाहीत. केळेवाडीतील साहित्य संघाचे नाट्यगृह, 1964 सालचे, मात्र आहे.

पाडव्याची शोभायात्रा मात्र अलीकडची. डोंबिवलीने 1999 मध्ये पायंडा पाडला, गिरगावने तो मागाहून उचलला. नऊवारी नेसून मोटारसायकलीवर बसलेल्या मुली पाहून काही वडील मंडळी नाके मुरडतात. आम्ही मुरडत नाही. परंपरा कधीतरी नवीनच असते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. आपल्या परंपरा दोन जातींच्या आहेत. एक घरची, दुसरी वाडीची. घरची परंपरा ट्रंकेत बसते. परभी सांबाराचा मसाला बोरिवलीसही कुटता येतो. वर-खाली निखारे ठेवून होणारे भानोळे आज विजेच्या भट्टीत होते, आणि खरे सांगायचे तर बरे होते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 सालचे. ते उघडून सून आजही पाककृती करू शकते. पिठोरी अमावास्येस आईने खांद्यावरून मागे वाण धरून ‘अतीत कोण?’ विचारावे आणि लेकराने ‘मी’ म्हणावे, यास बाराव्या मजल्यावरही आडकाठी नाही.

वाडीची परंपरा अशी उचलून नेता येत नाही. कोणत्या जिन्यावर बसून मुले पाढे म्हणत, कोणाच्या पडवीत हळदीकुंकवाची रांग लागे, आरतीस कोणत्या बिऱ्हाडाची झांज यायची, हे त्या जागेला चिकटलेले असते. जागा गेली की तेही जाते. भुयारी मेट्रोसाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. गिरगाव स्थानक ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाले. त्याची सोय आपण सर्वजण घेतो आणि घ्यावीच. ज्यांनी एका खोलीत तीन पिढ्या काढल्या आणि सामाईक शौचकूपासाठी पहाटे रांग लावली, त्यांना जुने घर सोडू नका असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तेव्हा पुनर्विकास थांबवावा, असे आमचे म्हणणे नाही.

म्हणणे एवढेच, की करारावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या. नव्या इमारतीच्या फाटकावर वाडीचे जुने नाव राहील, हे कागदावर लिहून घ्यावे; तोंडी आश्वासनाचे मोल आपण जाणता. आणि घर रिकामे होण्याआधी घरातील वृद्ध स्त्रियांना समोर बसवून वाडीचा नकाशा काढून घ्यावा. पुरुषांना मालकाचे नाव आणि भाड्याची पावती आठवते. कोणत्या दारामागे कोण राहत होते, ते बायकांनाच ठाऊक असते.

छायाचित्रांची निकड तर त्याहून अधिक आहे. प्रत्येकाच्या कपाटात मुंजीचे, लग्नाचे, गणपतीपुढचे गटचित्र असते. त्यातील चेहरे ओळखणारी माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. ती गेली की ते चित्र कोणाचेच राहत नाही.

यासाठी पाडव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता खोताच्या वाडीच्या तोंडाशी जमावे, अशी विनंती आहे. तेथील रहिवाशांची परवानगी अगोदर घेऊ. ती माणसांची घरे आहेत, प्रदर्शन नव्हे. मुलांनी वाड्यांतून पायी फिरावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खुर्च्या असतील. येताना घरातील नावे न लिहिलेली छायाचित्रे घेऊन यावे. त्यांच्या पाठीवर लिहायला मऊ पेन्सिली आम्ही आणू. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उतरते.