व्हीपीएनने साइट उघडली, पुढे?



जानेवारी २०२४मध्ये माझ्या मावसभावाचा रात्री फोन आला. "भाईजान, ॲप उघडत नाही. व्हीपीएन टाकून देता का?" मी टाकून दिलं. ती माझी चूक होती, म्हणून आज बोलतोय.

२८ डिसेंबर २०२३ला केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने बायनान्स, कुकॉइन, क्राकेन अशा नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या. मार्च २०२३पासून क्रिप्टोचे व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात आले होते आणि यांनी नोंदणी केली नव्हती. त्यांच्या साइट बंद करा, असं आयटी मंत्रालयाला कळवलं गेलं. जानेवारीत ॲपही गेली. क्रिप्टो बाळगणं मात्र गुन्हा नव्हता; नफ्यावर ३० टक्के कर भरायचा. बंदी दुकानावर होती, मालावर नाही.

व्हीपीएन घातलं की तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते इंटरनेट कंपनीला दिसत नाही, म्हणून अडवता येत नाही. एवढंच त्याचं काम. कॉइनचे रुपये करायला शेवटी बँकेतच यावं लागतं. भावाने पीटूपीने विकले, म्हणजे अनोळखी माणसाला कॉइन दिले आणि त्याने थेट खात्यात रुपये टाकले. ते रुपये कुणाच्या तरी ऑनलाइन फसवणुकीतले निघाले. खातं गोठलं. घरभाडं आणि खालाच्या औषधांचे पैसे त्यातच. परराज्यातल्या पोलिसांची नोटीस दारात आली, तेव्हा मोहल्ल्यात काय कुजबुज झाली आणि आपल्यातल्या पोराला ठाण्याची पायरी चढताना काय वाटतं, हे तुम्हाला काय सांगू? स्टेटमेंट, चॅट, कॉइन घेतल्याच्या नोंदी, सगळं जमवून पाठवलं. खातं सुटायला चार महिने लागले.

सरकारलाही विचारायला हवं. ज्यांचे पैसे आत आहेत त्यांनी ते कसे काढायचे, याबद्दल त्या प्रसिद्धिपत्रकात एक ओळ नव्हती. पुढे बायनान्सला १८.८२ कोटींचा दंड झाला, नोंदणी करून ती परत आली. कंपनीला वकील होते. भावाला मी होतो.

कॉइन अडकले असतील, तर ती कंपनी आता नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. अनोळखी माणसाला विकू नका. चहाच्या वेळी मी इथेच आहे. व्यवहारांच्या नोंदी घेऊन या. पासवर्ड मात्र मलाही सांगू नका.