पाहुणे सूर आणि वेशीवरचा कायदा



लखनौच्या कैसरबागेत नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातील परीखान्याची वास्तू आहे. तेथील संगीत महाविद्यालय १९२६ साली मॅरिस कॉलेज या नावाने सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत अग्रणी होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. मुंबईचा, वकिलीची परीक्षा दिलेला हा मराठी विद्वान. पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे या संस्थेचे प्राचार्य झाले, आणि १९६६ साली संस्थेला भातखंड्यांचेच नाव मिळाले.

या शाळेत श्रीलंकेतूनही विद्यार्थी येत. त्यांतलेच एक अमरदेव. विष्णु गोविंद जोग यांच्याकडे त्यांनी येथे व्हायोलिनचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर ते तेथील संगीताचे अध्वर्यू ठरले, आणि मालदीवच्या राष्ट्रगीताला त्यांनीच चाल दिली. उलट दिशेने, १९५२ साली रातंजनकरांना सिलोनच्या नभोवाणीने गायक-वादकांची परीक्षा घेण्यासाठी पाचारण केले. कलेची देवघेव ही अशी असते. कोणाचे ऋण कोणावर, याचा हिशेब मांडणे अवघड.

मात्र कलावंताला सीमा ओलांडायची झाली की हिशेब मांडावाच लागतो, आणि तो कायदा मांडतो. आपल्या १९६१च्या आयकर कायद्यात २०१२ साली एक तरतूद आली. जो परदेशी कलावंत येथील रहिवासी नाही, त्याच्या भारतातील कार्यक्रमाच्या उत्पन्नावर वीस टक्के कर, आणि त्यातून कोणत्याही खर्चाची वजावट नाही.

वरवर पाहता दर माफक वाटतो. पण एक कल्पित उदाहरण घेऊ. लखनौच्या एखाद्या लहान संगीतमंडळाने परदेशातील वादकाला एक लाख रुपये बिदागी ठरवली. विमानभाडे, साथीदार, मुक्काम यांत त्याचे सत्तर हजार खर्च झाले. त्याच्या पदरी उरले तीस हजार. परंतु कर मात्र लाखावर, म्हणजे वीस हजार. उपकर बाजूला ठेवला तरी दोन तृतीयांश कमाई गेली. लाख रुपये हातात देण्याचे वचन मंडळाने दिले असेल, तर कराचे पंचवीस हजार मंडळालाच भरावे लागतील. मोठा प्रायोजक हा भार सोसतो. वर्गणीवर चालणारे मंडळ निमंत्रणच रद्द करते. अशा वेळी सरकारच्या पदरीही काही पडत नाही.

या अन्यायाविरुद्ध एका वादकाने न्यायालयाचे दार ठोठावले होते. गेरिट्स नावाचा हा हॉलंडवासी ढोलवादक १९९६ साली बर्लिनच्या एका नभोवाणी केंद्रावर वाजवून सुमारे सहा हजार मार्क मिळवून गेला. जर्मनीने खर्च न वजा करता पंचवीस टक्के कर कापला. २००३ साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, स्थानिक वादकाला खर्चाची वजावट मिळते, तर पाहुण्या वादकालाही त्याच्या कामाशी थेट निगडित खर्चाची वजावट मिळाली पाहिजे. रक्कम लहान होती, तत्त्व मोठे होते.

हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. १९८९च्या भारत-अमेरिका करकरारात कलावंताच्या दीड हजार डॉलरपर्यंतच्या प्राप्तीला सूट ठेवलेली आहे. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या दौऱ्यांनाही अनेक करारांत सवलत आहे. वस्तू व सेवा करातही, पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाच्या नृत्य, नाट्य व संगीताच्या कार्यक्रमांना सूट मिळालेली आहे. लहान मैफल आणि मोठा तमाशा यांतला भेद कायदा जाणतो. तो पाहुण्या कलावंताच्या बाबतीतही जाणावा, एवढीच मागणी आहे.

प्रवेशपत्राचेही असेच. नोकरीसाठी येणारा, व्यापारासाठी येणारा, सहलीला येणारा, असे प्रकार कायद्याने पाडले आहेत. परंतु तीन दिवसांत दोन मैफली करून परतणारा सतारिया यांत नेमका कोठे बसतो? दाराशी पहारा असावा, याविषयी दुमत नाही. राष्ट्राच्या सुरक्षिततेची चौकशी जरूर व्हावी. पण कागद कोणते, मुदत किती आणि नकाराचे कारण काय, हे आधी कळावे. अनिश्चितता ही कलावंताला नकारापेक्षाही जाचक असते. कारण नकार मिळाला तर तो दुसरीकडे तारीख घेऊ शकतो.

आणि हा प्रश्न केवळ पाहुण्यांचा नाही. आपले गायक-वादकही परदेशी जातात आणि तेथील वेशीवर याच चौकशीला सामोरे जातात. आपण दुसऱ्याला जे देऊ तेच आपल्या माणसांसाठी ताठ मानेने मागता येईल.

भातखंडे यांना कायद्याचे आणि रागांचे, दोन्हींचे शास्त्र ठाऊक होते. नियम हवेतच, नियमांशिवाय रागही उभा राहत नाही. परंतु राग फुलावा म्हणून नियम असतात. कैसरबागेतील त्या वास्तूने परक्याला आत घेतले, म्हणूनच तिचा सूर समुद्रापार पोहोचला. आपल्या कायद्यानेही एवढे जमवावे.