मैदान, मान आणि हिशेब



आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे त्यांना पुण्याने डोक्यावर घेतले, दिल्लीने मानाच्या खुर्चीवर बसविले आणि त्याच दिल्लीत पुढे त्यांना तिहारच्या तुरुंगात दिवस काढावे लागले. सुरेश कलमाडी हे त्यांचे नाव. त्यांची निंदा करण्यासाठी मी उभा नाही, आणि भलावण करण्यासाठीही नाही. कर्तबगार माणसाच्या हाती एखादी संस्था वर्षानुवर्षे राहिली म्हणजे त्या संस्थेचे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. १९४४ साली जन्मलेला हा माणूस वायुदलात वैमानिक होता. १९८२ मध्ये ते राज्यसभेवर गेले. नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात रेल्वे खात्याचे राज्यमंत्री झाले. पुढे पुण्याने त्यांना लोकसभेवर धाडले. १९८३ साली पुण्याची मॅरेथॉन सुरू झाली, १९८९ मध्ये पुणे फेस्टिव्हल, १९९४ मध्ये बालेवाडीचे क्रीडासंकुल आणि राष्ट्रीय स्पर्धा. या साऱ्यांत त्यांचा हात होता. माणसे जमवावीत, पैसा उभा करावा, काम तडीस न्यावे, हा त्यांचा गुण वादातीत होता.

१९९६ साली ते भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष झाले आणि २०११ उजाडले तरी त्याच खुर्चीवर होते. क्रीडासंघटनांच्या पदाधिकाऱ्यांची मुदत मर्यादित असावी, असा सरकारचा दंडक १९७५ पासून होता. पण पाळायचा कोणी? संघटनांचे म्हणणे असे की, आम्ही स्वायत्त आहोत. स्वायत्तता चांगलीच, पण पैसा सरकारी तिजोरीचा आणि विचारणारा मात्र कोणी नाही, हिला स्वायत्तता म्हणावे काय?

२०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीला राष्ट्रकुल सामने झाले. संयोजन समितीचे अध्यक्ष कलमाडीच होते. आपल्या खेळाडूंनी १०१ पदके जिंकली. पण लोकांच्या तोंडी राहिला तो घोटाळा. वेळ आणि गुण मोजण्याच्या यंत्रणेचे सुमारे १४१ कोटींचे कंत्राट इतरांना डावलून एका स्विस कंपनीस दिले आणि त्यात सरकारचे ९० कोटींहून अधिक नुकसान झाले, असा सीबीआयचा आरोप होता. २५ एप्रिल २०११ रोजी त्यांना अटक झाली. जानेवारी २०१२ मध्ये जामीन मिळाला. २०१३ साली न्यायालयाने त्या प्रकरणात आरोप निश्चित केले.

येथे नीट थांबले पाहिजे. आरोप निश्चित होणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. दुसऱ्या दोन कंत्राटांच्या प्रकरणात तर पुरावा मिळत नाही असे सीबीआयनेच सांगितले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच व्यवहारांतील ईडीचा तपासही न्यायालयाने बंद होऊ दिला. चावडीवर बसून कोणालाही चोर ठरविणे सोपे आहे; पण ज्या न्यायाची अपेक्षा आपण स्वतःसाठी करतो, तोच दुसऱ्यालाही दिला पाहिजे.

मग दोष कोणाचा? मला वाटते, एका माणसापाशी थांबून हा प्रश्न सुटत नाही. २०१६ च्या डिसेंबरात ऑलिंपिक संघटनेने याच गृहस्थांना तहहयात अध्यक्षपद देऊ केले. त्यांनी ते निर्दोष ठरेपर्यंत नाकारले, सरकारने संघटनेची मान्यता स्थगित केली, तेव्हा कोठे ठराव मागे गेला. देऊ करणारे हात कोणाचे होते, याचा विचार करा.

आपल्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात पाड्यावरची बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. खेळाच्या पैशाचेही तसेच होते. दिल्लीत कोट्यवधींची मैदाने उभी राहतात, आणि आपली पोरे कापलेल्या भातशेतात चुन्याच्या रेघा मारून कबड्डी खेळतात.

दिलाशाच्याही गोष्टी आहेत. ऑलिंपिक संघटना माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० च्या जानेवारीतच सांगितले. २०२५ मध्ये संसदेने क्रीडासंघटनांच्या कारभाराचा कायदा केला. २०३० चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादला व्हावयाचे ठरले आहेत. तेथे या साऱ्याची कसोटी लागेल.

पण कायदा हा कुंपणासारखा असतो. राखण मालकालाच करावी लागते. ती सवय दिल्लीत नव्हे, गावात लागते. आपल्या कबड्डी मंडळाने वर्गणी किती जमविली, बक्षिसांवर किती खर्चली आणि मांडववाल्याला किती दिली, हे वर्षातून एकदा देवळापुढे सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. अध्यक्ष कितीही कर्ता असो, ठराविक वर्षांनी त्याने पागोटे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावे. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. तो प्रामाणिक माणसाचे रक्षण करतो आणि अप्रामाणिकाला वेळीच अडवितो. हिशेब विचारण्याचा हा संकोच आपण आपल्या गावापुरता जरी सोडला, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.