मांजराच्या पोटाचे दुखणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गेल्या काही महिन्यांत संतवाङ्मयावर आणि मराठी रंगभूमीवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्यामागून मी मांजराच्या पोटावर बोलण्यास उभा आहे, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला यात नवल नाही. चिटणीसांनाही प्रथम वाटले की मी थट्टा करीत आहे. परंतु आपल्या सभासदांच्या घरी मांजरे किती आहेत हे मी मनातल्या मनात मोजले, आणि विषय बदलला नाही.

मी पशुवैद्य नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर. जे सांगणार आहे ते मांजरांच्या डॉक्टरांना विचारून, ऐकून, आणि एकदा फार जबर किंमत मोजून शिकलेले आहे. ती किंमत आधी सांगतो.

2004 साली माझी बदली कोलकात्यास झाली. बंगाल्यांच्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर, त्यामुळे तेथे मांजरास कोणी सहसा हुसकावीत नाही. आमच्या क्वार्टरच्या जिन्यावरचा एक पिवळा बोका पहिल्याच आठवड्यात घरात आला आणि राहिला. मुलांनी त्याचे नाव बंडू ठेवले. परक्या गावी शेजाऱ्यांची ओळख होण्यापूर्वीच तो आमचा झाला होता. दोन वर्षांनी एका शनिवारी तो वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसू लागला. कुंथे, ओरडे, उठे, पुन्हा बसे. मी निदान केले : बद्धकोष्ठ. आईने आम्हांस लहानपणी पाजले तसे एरंडेल त्याला पाजले आणि सोमवारी पाहू म्हणालो. फाइल दोन दिवस टेबलावर पडली म्हणून काही बिघडत नाही, ही आमची सवय. रविवारी त्याला ओकाऱ्या झाल्या, अंग गार पडले. सोमवारी सकाळी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तो टोपलीतच गेला होता.

डॉक्टरांनी सांगितले की पोट बिघडलेच नव्हते. लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो; त्यात बारीक खडे किंवा चिकट बुच अडकले की लघवी बंद होते, रक्तात पोटॅशियम वाढते आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबते. वेळीच नळी घातली असती तर बहुधा वाचला असता. तेव्हा बोका कुंथताना दिसला आणि ट्रेमध्ये लघवीचा ओलावा नसला, तर ती वेळ औषधाची नव्हे, त्याच तासाला निघण्याची आहे. रात्र असली तरी.

आता नेहमीच्या तक्रारींकडे वळू. मांजर अंग चाटते, आणि त्याच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूस वळलेले असल्यामुळे केस गिळलेच जातात. ते बहुतेक विष्ठेवाटे जातात; काही वेळा त्यांचा लांबट गोळा ओकून पडतो. महिन्यातून एखाद्या वेळी असे झाले आणि मांजर लगेच खाऊ-खेळू लागले तर चिंता नको. घाईने खाल्लेले अन्न जसेच्या तसे बाहेर येणे हेही फारसे गंभीर नाही. थोडे थोडे वाढावे. परंतु एका दिवसात तीन-चार वेळा ओकारी झाली, पाणीही टिकेना, रक्त दिसले, विष्ठा डांबरासारखी काळी झाली, किंवा मांजर कपाटाखाली जाऊन बसले आणि बोलावूनही येईना, तर थांबू नये. मांजर दुखणे लपविते. ते दिसू लागले याचा अर्थ बरेच दिवस झाले.

जुलाबाचे एक कारण तर आपणच वाटीत घालून देतो. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की आहे की दूध मांजराला बाधते असे म्हटले तर आजीबाई रागावतात. पिल्लू आईचे दूध पचविते, पण मोठेपणी दुधातील साखर पचविणारे द्रव्य बहुतेक मांजरांत कमी होत जाते. आपल्यापैकी अनेकांचे तेच होते. आपण ते बोलून दाखवितो इतकाच फरक. शाकाहारी घरांत मांजराला दूधपोळीवर ठेवतात, त्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराला मांस-मासळीतूनच मिळते. त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा झिजतो, आणि हृदयाचे स्नायूही दुबळे होतात हे 1987 साली सिद्ध झाले. ज्यांच्या स्वयंपाकघरात मासळी येऊ शकत नाही त्यांनी मांजरांचे तयार खाद्य आणावे. आपला धर्म आपल्यापाशी. मांजराने तो स्वीकारलेला नाही.

लहान पिल्लांच्या बाबतीत तासांचा हिशेब करावा. जंतांनी पोट फुगते, जुलाब होतात. त्याचे औषध डॉक्टरांनी वजन पाहून द्यावयाचे असते. पण ओकारी, जुलाब आणि मलूलपणा एकदम आला तर पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा आजार असू शकतो, आणि तो लस न दिलेली पिल्ले भराभर नेतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच जागेवर न बसल्यास अंगातले पाणी घटले आहे असे समजावे.

माणसांना आपण लंघन सांगतो, तसे मांजराला कधीही सांगू नये. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न टाकले तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ आजारापेक्षा तोच आजार मोठा होतो. एक दिवस काहीच खाल्ले नाही, एवढे कारण दवाखान्यात जाण्यास पुरेसे आहे.

आपली औषधपेटी तर मुळीच उघडू नये. पॅरासिटामॉल पचविण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळपास नाही. अर्धी गोळीदेखील प्राण घेऊ शकते. फुलदाणीत लिली ठेवण्याची हौस असल्यास तीही मांजराच्या घरात सोडावी. तिचे पान, पराग, फार काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा त्याचे मूत्रपिंड निकामी करते, आणि सुरुवात साध्या ओकारीनेच होते.

आणखी एक गोष्ट गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांसाठी. बंडूनंतर दहा वर्षे आम्ही मांजर आणले नाही. मग मुलीने ठमी आणली. 2017 च्या उत्सवात निर्माल्यातल्या हाराचा दोरा तिने गिळला. मागच्या बाजूने दोऱ्याचे टोक लोंबत होते आणि सौभाग्यवती ते ओढणारच होती. मी तिचा हात धरला, कारण डॉक्टरांकडून ऐकलेले नेमके त्या क्षणी आठवले. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलेले असते. दुसरे ओढले की नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात आणि दोरा ते कापत जातो. तासाभरात दवाखाना गाठला, शस्त्रक्रिया झाली, ठमी जगली. तेव्हापासून आपल्या मंडळात निर्माल्याच्या पिशवीला गाठ मारतात. नव्या सभासदांना त्याचे कारण ठाऊक नसेल.

बदलीच्या गावी सामान लावण्याआधी जवळच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर लिहून ठेवावा. जाताना ओकारीचे छायाचित्र आणि विष्ठेचा नमुना डबीतून न्यावा; लाजू नये, डॉक्टर तेच प्रथम मागतात.

म्हाताऱ्या मांजराचे वजन दर महिन्यास लिहावे. आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, मग मांजर घेऊन, आणि वजाबाकी करावी. खाणे वाढले आणि वजन मात्र उतरत चालले, तर थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो. पाणी अधिक पिऊ लागले तर मूत्रपिंडही तपासून घ्यावे लागते. ठमी आता वयस्क झाली आहे. या महिन्याच्या एक तारखेस तिच्या नावापुढे तीनशे ग्रॅमची घट लिहावी लागली. उद्या शनिवार आहे. सकाळी साडेनऊची वेळ मी घेऊन ठेवली आहे, म्हणून चहापुरता थांबतो. भोजनाबद्दल चिटणीसांनी क्षमा करावी.